चित्रांकडे न बघता कॉमिक्सचं परीक्षण कसं लिहावं

अमेरिकेत नवी कॉमिक्स बुधवारी दुकानात येतात. सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसी या प्रकाशकाने २०२० मध्ये जुन्या वितरकाशी फारकत घेताना मंगळवार धरला होता, पण जुलै २०२४ पासून तेही मुकाट्याने बुधवारावर आले. तेव्हा तुमचं परीक्षणही बुधवारीच पडलं पाहिजे. गुरुवारी लिहिलंत तर वरातीमागून घोडं, आणि शुक्रवारी लिहिलंत तर तुम्ही अंक दोनदा वाचला असा संशय येतो. या धंद्यात असा संशय बरा नाही.

एवढ्या घाईत चित्रं बघत बसलात तर झालंच. अंकात कथेची वीस-बावीस पानं असतात. नुसते संवादांचे फुगे वाचत गेलं तर दहा मिनिटांत हातावेगळी होतात. मग पहिल्या तीन परिच्छेदांत कथा सांगून टाका: कोण गच्चीवर उभा होता, कोण मागून आला, कोण मेल्यासारखा वाटतो. चौथ्यात लेखकाची तारीफ करा. संवाद त्याचे, कल्पना त्याची, पावसात भिजणारं रिकामं रेल्वे स्टेशनही त्याचंच; चित्रकाराने तीन दिवस मान मोडून ते काढलं असेल, पण सुचलं कोणाला? शेवटी एक ओळ: ‘चित्रंही उत्तम.’ यातला ‘ही’ विसरू नका, सगळी समीक्षा त्या एका अक्षरात आहे. फारच उदार वाटलं तर ‘सिनेमॅटिक’ म्हणा. कॉमिक्सच्या चित्रांची याहून मोठी स्तुती नाही, कारण ती कॉमिक्ससारखी नाहीत असा तिचा अर्थ होतो.

रंग देणाऱ्यासाठी ‘मूडला साजेसे रंग’ हे तयार ठेवा, कोणत्याही अंकाला चालतं. पेन्सिलीवर शाई फिरवणारा नेमकं काय करतो हे विचारायला जाऊ नका, आजवर कोणी विचारलेलं नाही. अक्षरं काढणाऱ्याचं नाव फक्त फुग्यात चूक सापडली तरच घ्यायचं. फुगे कोणत्या क्रमाने ठेवले म्हणून तुमची नजर पानावर अडखळली नाही, असले प्रश्न स्वतःला पाडून घेतलेत तर बुधवार हातचा गेला.

आता एक उदाहरण घेऊ. अंक जुना आहे, पण कित्ता म्हणून चांगला. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅन मेला, ‘सुपरमॅन’च्या ७५ व्या अंकात. त्या काळी सुपरमॅनची चार मासिकं चालत आणि कथा एकातून दुसऱ्यात जाई. मरणाच्या आधीच्या एका अंकात प्रत्येक पानावर चार चौकटी आहेत. पुढच्या मासिकाच्या अंकात तीन. त्यापुढच्यात दोन. आणि ७५ व्या अंकात पानाला एकच चौकट: प्रत्येक पान म्हणजे एक अख्खं चित्र, आणि शेवटचं पान तर घडी उलगडून पसरतं. मृत्यू जसजसा जवळ येतो तसतशी पानावरची जागा मोठी होत जाते, ठोसे कमी आणि जड होत जातात, वाचणाऱ्याचा श्वास लांबत जातो. चार वेगवेगळे चित्रकार हे ठरवून करत आले, आणि एका शब्दानेही ते कुठे सांगितलेलं नाही.

यावर तुम्ही काय लिहाल? बरोबर: ‘मारामारीच फार, कथा विरळ. पैसे वसूल होत नाहीत.’ फुगे मोजणाऱ्याला इथे खरोखरच हाती काही लागत नाही. शिवाय या अंकाचा लेखक आणि पेन्सिलकार एकच, डॅन जर्गन्स. म्हणजे तुमची पंचाईत. अशा वेळी लेखक जर्गन्सवर दोन परिच्छेद लिहावेत आणि चित्रकार जर्गन्सला ‘चित्रंही उत्तम’ म्हणून वाटेला लावावं.

त्या अंकाच्या खऱ्या आदर्श वाचकांना मात्र अजून कोणी गाठलेलं नाही. त्याची एक आवृत्ती काळ्या पिशवीत बंद करून विकली होती, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. पुढे लाखमोलाची होईल म्हणून असंख्य लोकांनी ती पिशवी उघडलीच नाही. छापल्या मात्र इतक्या, की आजही बंद पिशवी मिळवायला फारसा खटाटोप लागत नाही. आणि सुपरमॅन? तो पुढच्याच वर्षी परत आला, लांब केस वाढवून.

चित्र बघायचंच झालं तर मुखपृष्ठाचं बघा. आतलं काम दुसऱ्याचं आहे म्हणून बिचकू नका, बहुतेकदा असतंच. स्पायडर-मॅन छापणाऱ्या मार्व्हल या प्रकाशकाच्या १९९१ च्या ‘एक्स-मेन’ क्रमांक १ ला पाच वेगवेगळी मुखपृष्ठं होती आणि आत तोच मजकूर. ऐंशी लाखांवर प्रती दुकानदारांनी उचलल्या, गिनेसमध्ये नोंद झाली. पाच वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. तो इतिहास तुम्ही मनावर घेऊ नका. आठ मुखपृष्ठं असतील तर आठही छापा, परीक्षण तेवढंच भरगच्च दिसतं.

गुण दहापैकी द्यायचे. सात म्हणजे शिवी. साडेआठ म्हणजे आठवत नाही. नऊच्या वर दिलेत तर तुमचं वाक्य पुढे अंक एकत्र बांधून काढलेल्या संग्रहाच्या मलपृष्ठावर जाऊ शकतं, म्हणून एखादं कापून घेण्याजोगं वाक्य मुद्दाम पेरून ठेवा. ‘वर्षातला सर्वोत्तम अंक’ हे जानेवारीतही लिहिता येतं, तेव्हा तर ते खरंही असतं.

मराठीत लिहीत असाल तर सुरुवात जुन्या इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळापासूनच करावी लागते, त्याला इलाज नाही. मग तो अंक बॅटमॅनचा असो की बदकांचा. मामाच्या गावची माळ्यावरची ट्रंक, उंदरांनी कुरतडलेले कोपरे, चार ओळी. त्या वेताळाची चित्रं कोण काढत होतं हे मात्र लिहू नका. लहानपणी बघितलं नाही, आता कशाला?

तुमच्या शब्दाने काय फरक पडेल, ही काळजीही सोडा. अंकाची पक्की मागणी दुकानदार साधारण तीन आठवडे आधीच नोंदवतो, आणि बहुतेक न खपलेला माल त्याला परत करता येत नाही. पहिला अंक तुमच्या हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत उंबरठ्यावर येऊन ठेपलेली असते. म्हणजे निकाल लागून गेल्यावर तुम्ही वकिली करणार. तेव्हा आवाज चढवायला हरकत नाही. मालिका पाच अंकांत गुंडाळली की ‘वाचकांना दर्जा कळत नाही’ असा एक लेख लिहा, त्यात चित्रकाराचं नाव एकदा येऊ द्या. मयताला चालतं.

बाकी नव्या लेखनाची तशी गरजच पडत नाही. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा क्रमांक १ पासून सुरू झाला, आणि त्याच जुलैमध्ये त्याचा सहावा अंक, जुने सगळे अंक जमेस धरून, नऊशेवा म्हणून साजरा झाला. एप्रिलमध्ये ‘नव्या वाचकाने इथूनच सुरुवात करावी’ असं लिहायचं, जुलैमध्ये ‘साठ वर्षांचा वारसा समर्थपणे पेलणारा अंक’. एप्रिल २०२५ मध्ये परत क्रमांक १ आला. तेव्हा जुनं परीक्षण काढा, तारीख बदला, लेखकाचं नाव बदला. चित्रकाराचंही जमलं तर बघा. राहून गेलं तरी बोभाटा होत नाही.