दोन्ही सेमच आहेत

"अहो, एकाच टेम्प्लेटवरून काढलेल्या व्हीएम आहेत, दोन्ही सेमच आहेत," असं कुणी म्हणालं की ऐरोलीहून ठाण्याची नेहमीची लोकल आज चुकणार, हे मी समजून जातो. व्हीएम म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशिन. सेम असलेल्या दोघींपैकी एकीवर अ‍ॅप्लिकेशन चालत असतं, दुसरीवर नाही, आणि फरक शोधायचा असतो मला.

नवी मुंबईत राहणाऱ्याला क्लोन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सिडकोची जुनी घरं बघा. ताबा मिळाला त्या दिवशी सगळी एका साच्यातली. मग एकाने बाल्कनी आत घेतली, दुसऱ्याने ग्रील बाहेर काढलं, तिसऱ्याने वर पत्रा टाकला. नकाशावर अजून सगळी सारखीच!

नवशिका आधी दोन्ही डिस्क इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या फाइली, बाइट टु बाइट ताडतो. फरक आहे, असं उत्तर लगेच येतं. येणारच. मशिन नुसतं बूट झालं तरी लॉग आणि जर्नलमधल्या नोंदी बदलतात, आणि पुसलेल्या फाइलींचे अवशेष रिकाम्या ब्लॉकांत तसेच पडून असतात. त्यापेक्षा दोन्ही मशिनं बंद करून इमेजी तिसऱ्या मशिनवर रीड-ओन्ली माउंट कराव्यात, म्हणजे फक्त वाचता येतील अशा जोडाव्यात. व्हीएमच्या डिस्क हाताळणाऱ्या लिबगेस्टएफएस प्रकल्पातलं व्हर्ट-डिफ हे काम थेट करतं. माझा हात मात्र आरसिंक या फाइली जुळवणाऱ्या कमांडवर बसलाय. त्यात मायनस एन म्हणजे नुसतं बोलून दाखव, हात लावू नको. मायनस सी म्हणजे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा) काढ, नाहीतर ते साइझ आणि वेळ जुळली की पुढे जातं. सोबत डिलीट द्यायचं, म्हणजे एकीकडेच असलेल्या फाइलीही कळतात. फाइलींतला फरक दाखवणारं साधं डिफ परमिशन आणि मालक बघत नाही. आरसिंक मायनस ए दिलं की तेही बघतं.

यात एन विसरलात आणि माउंट रीड-ओन्ली नसेल, तर दोन्ही मशिनं खरोखरच सेम होतात. दिशाही चुकली असेल, तर न चालणाऱ्यासारखी.

चालू मशिनवरच ताडायचं असेल तर प्रॉक, सिस, डेव्ह आणि रन हे फोल्डर वगळा, त्यांतलं सगळं डिस्कवर नसतंच. प्रॉकमधली के-कोर ही फाइल ६४ बिट लिनक्सवर १२८ टीबीची दिसते. तिचा चेकसम निघायची वाट बघत बसलात, तर आजची लोकल काय, उद्याचीही चुकेल.

एवढं करून हाती येते ती हजारो ओळींची यादी. खरं काम इथून पुढे. होस्टनेम, मशिन-आयडी, एसएसएचच्या होस्ट की ही त्या त्या मशिनची ओळख, वेगळी असायलाच हवी (सारखी निघाली तर ती वेगळी तक्रार). पायथनच्या पीवायसी, म्हणजे आधीच कंपाइल करून ठेवलेल्या फाइलींत सहसा मूळ फाइलची वेळ कोरलेली असते, त्याही बाजूला. इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांची यादी आरपीएम या पॅकेज सांभाळणाऱ्या कमांडच्या मायनस क्यूएने काढून सॉर्ट करायची, पण दोन्हीकडे एलसी-ऑल सी ठेवूनच. लोकेल, म्हणजे भाषेची आणि वर्णक्रमाची सेटिंग, वेगळं असेल तर क्रम बदलतो आणि नसलेले फरक उगवतात. मग आरपीएम मायनस व्हीए, ते फाइली पॅकेजच्या नोंदीशी ताडतं. ज्या ओळीच्या सुरुवातीच्या खुणांत ५ चा आकडा, त्या फाइलचा मजकूर इन्स्टॉल झाल्यानंतर बदललेला. ग्रील कुठे लागलंय ते इथे दिसतं, कुणी लावलं ते नाही.

आणि एवढ्या गाळणीतून शेवटी उरते एखादी स्टार्टअप स्क्रिप्ट. ती पॅकेजमधली नसतेच, कुणीतरी हाताने ठेवलेली असते. चालवली की 'अशी फाइल नाही' म्हणते; फाइल तर डोळ्यांसमोर! डिफच्या मते सगळ्याच्या सगळ्या ओळी वेगळ्या, आपल्याला एकही वेगळी दिसत नाही. न दिसणारी अक्षरंही दाखवणारं कॅट मायनस ए दिलं की प्रत्येक ओळीच्या शेवटी, डॉलरच्या आधी, टोपी घातलेला एम (^M) उभा, म्हणजे विंडोजची ओळ संपवायची जास्तीची खूण. विंडोजच्या लॅपटॉपवर गिटने, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने, उतरवताना ओळींना सहसा ही शेपटी फुटते, आणि मग कर्नल स्क्रिप्ट चालवणारा 'बॅश' नव्हे तर 'बॅश अधिक शेपटी' नावाचा प्रोग्राम शोधत बसतो. शेपटी छाटणारं डॉस-टु-युनिक्स चालवलं की सेकंदात सुरू.

"पण मी काहीच बदललं नव्हतं हो," पलीकडून आवाज येतो, "नुसती कॉपी केली."