कूलरला ओटीपी

आमच्या जळगावात सोनं कपाटात असतं, पण कूलर खिडकीला लटकलेला असतो, त्यामुळे माणसाची खरी ऐपत रस्त्यावरूनच कळते. आमची ऐपत वीस वर्षं एका पत्र्याच्या पेटीत होती. गल्लीतल्याच फॅब्रिकेशनवाल्याने बनवलेली. तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत गवत, खाली टाकी, टाकीत पंप आणि समोर हेलिकॉप्टरच्या खानदानातला पंखा. बटणं दोन. त्यातलं पंपाचं तुटलेलं, म्हणून तिथे काडेपेटीची काडी खुपसलेली. मार्च संपत आला की टाकीला आतून डांबर फासायचं, गवत बदलायचं, पंप बादलीत बुडवून चालतो का बघायचं आणि घरातल्या सगळ्यांना बजावायचं, ‘स्लीपर घातल्याशिवाय हात लावू नका रे.’ झालं. एवढंच त्याचं माहितीपत्रक.

मग पुतण्या आला.

पुतण्या बंगळुरूला एका स्टार्टअपमध्ये असतो. तिथे नेमकं काय करतो, हे मी तीनदा विचारलंय आणि तीनदा वेगळं उत्तर मिळालंय. सुट्टीला आला तेव्हा पारा ४५ वर होता. कूलरचा घरघराट ऐकून म्हणाला, “काका, तुम्ही अजून हे वापरता?” तो ज्या सुरात म्हणाला, त्या सुरात आमच्याकडे फक्त हुंड्याबद्दल बोलतात. चौथ्या दिवशी दारात त्याच्याच कंपनीचं खोकं. आत पांढराशुभ्र, गुळगुळीत, दवाखान्यातल्या नर्ससारखा गंभीर कूलर. किंमत १४,००० रुपये, ‘माझ्याकडून गिफ्ट.’ वर पुन्हा, “काका, हा कूलर नाहीये. हा क्लायमेट कम्पॅनियन आहे.”

आईने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. माझी आई अमळनेरकडची, तिची अहिराणी राग आल्यावर जास्त शुद्ध होते. “यान्हं बटन कथं शे?”

“आजी, बटण नाही. मोबाईलवरून चालतो.”

“मंग मोबाईलनी हवा लेऊ का मी?”

हा प्रश्न मला आजवर या विषयावर ऐकलेल्या सगळ्या प्रश्नांत वजनदार वाटतो. पण पुतण्या तोवर ॲप उतरवून घेत होता. ॲपने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मोबाईल नंबर घेतला, ओटीपी पाठवला. फोनबुक बघू का म्हणाला. कूलरला माझ्या साडूचा नंबर कशाला हवा, हे मला कळेना. लोकेशन बघू का म्हणाला. बाबा रे, तू खिडकीत आहेस, तुझं लोकेशन मला माहीत आहे! शेवटी ‘तुमचं शहर निवडा’ आलं. यादीत मुंबई होती, पुणे होतं, नागपूर होतं, नाशिक होतं. जळगाव नव्हतं. भुसावळ नव्हतं, धुळं नव्हतं, नंदुरबार नव्हतं. खानदेशच नव्हता. उन्हाच्या यादीतून खानदेश गाळायचा म्हणजे वरण-बट्टीच्या पंगतीतून बट्टी गाळण्यासारखं आहे. पुतण्याने जवळचं म्हणून नाशिक टाकलं.

आणि इथेच घात झाला. त्या कूलरला बाहेरचं तापमान कळायचं ते इंटरनेटवरून. त्यामुळे आम्ही इकडे ४५ मध्ये भाजले जात असताना तो तिकडच्या ३७ वर विश्वास ठेवून बसला. दुपारी तीनला त्याने पंप स्वतःहून बंद केला आणि माझ्या मोबाईलवर कळवलं : ‘आजचं हवामान सुखद आहे. आपण पाण्याची बचत केली. अभिनंदन!’ खाली एक हिरवं पान. मी घामाने निथळत त्या पानाकडे बघत होतो.

पुतण्या मोबाईलवर दुरुस्ती करायला गेला, तर मोबाईलच तापून आडवा. गॅलरीत दहा मिनिटं धरला आणि पडद्यावर सूचना आली की आधी मला थंड होऊ द्या. एका बड्या कंपनीचं माहितीपत्रकच सांगतं की फोन ० ते ३५ अंशांत वापरा. म्हणजे मार्च ते जून हा फोन आमच्याकडे शोभेची वस्तू. तर फोनला थंड करायला कूलर पाहिजे, आणि कूलर चालू करायला फोन. शेवटी हिने फोन माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, जिथे एरवी काकड्या ठेवतो.

लाईट गेली की आणखी निराळी कथा. जुना कूलर लाईट आली की घरघरत सुरू व्हायचा, कुणाला काही विचारायचा नाही. हा लाईट आली की आधी राउटर शोधायचा, राउटर उठेपर्यंत निळा दिवा लुकलुकवायचा, मग सर्व्हरला विचारायचा, मग मला विचारायचा. रात्री दोन वाजता मी चश्मा शोधून ओटीपी वाचतोय आणि आई अंधारातून विचारतेय, “कोन्हा फोन शे रे इतली रातले?” काय सांगणार? कूलरचा.

तिसाव्या दिवशी ‘टर्बो’ बंद पडला. टर्बोची फुकट मुदत संपली होती. जोरात हवा पाहिजे असेल तर दरमहा १९९ रुपये. पंखा माझ्या घरात, मोटर माझ्या घरात, वीज माझ्या मीटरची, पाणी आमच्या बोअरचं (त्यातला क्षारसुद्धा आमचाच, जाळ्यांवर पांढरा थर बसवून मोकळा झालेला), आणि तिसऱ्या स्पीडचं भाडं बंगळुरूला. मी मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर यंत्राने दिलं, तेही मराठीत : ‘आपली निराशा आम्ही समजतो. कृपया आपल्या कूलरला मिठी मारून पाच सेकंद धरा.’ मूळ शब्द बहुधा ‘होल्ड’ असावा. आईसमोर प्रयोग करायची हिंमत झाली नाही.

मी यंत्राच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. २०१६ साली यूपीआय आलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आज कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे दहाची कोथिंबीर घेतली तरी मी क्यूआर दाखवा म्हणतो. भरताची वांगी निवडताना त्यांचा डबा मागे ओरडतो, ‘दहा रुपये प्राप्त झाले’, आणि मावशी मान वर न करता ‘हां भाऊ’ म्हणतात. त्यांना कुणी ऑनबोर्ड केलं नाही की प्रवासाला नेलं नाही. डबा ओरडतो, मावशी ऐकतात, संपलं. रसवंतीच्या घुंगरांचं काम तेच. चरक फिरतोय, रस मिळेल, या.

रसावरून आठवलं. पुतण्याला मी जुसेरोची गोष्ट ऐकवली. अमेरिकेत एका कंपनीने वाय-फायवर चालणारं रस काढायचं यंत्र आणलं, किंमत सुरुवातीला ६९९ डॉलर, मग ३९९. त्यात कापलेल्या फळांची पिशवी घालायची, यंत्र ती दाबणार. पत्रकारांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की पिशवी नुसत्या हाताने पिळली तरी रस निघतो. त्याच वर्षी कंपनी बंद. तोवर गुंतवणूकदारांचे जवळपास १२ कोटी डॉलर पिळून झाले होते. पुतण्या म्हणाला, “काका, त्यांचं एक्झिक्यूशन चुकलं.”

त्याला युनिकॉर्न व्हायचंय. एक अब्ज डॉलरच्या नवउद्योगाला हे नाव पडलं ते २०१३ पासून. एकशिंगी घोडा! आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथला व्यापारी घोड्याचे दात बघतो, भोवरे बघतो, चालवून बघतो. त्याच्यासमोर शिंगवाला घोडा नेला तर तो आधी शिंग हलवून बघेल.

मी त्याला म्हटलं, अरे, ‘जैन इरिगेशन’वाल्या भवरलालजी जैनांनी १९६३ साली याच गावात सात हजार रुपयांवर घासलेट विकायला सुरुवात केली. पुढे केळीची भुकटी करायचा कारखाना घेतला, त्यात पपईच्या चिकापासून पपेन नावाचं पाचक द्रव्य काढलं, मग पाईप, मग ठिबक. तो म्हणाला, “वा, म्हणजे क्लासिक पिव्हट!” धंद्याची दिशा बदलली की त्यांच्यात त्याला पिव्हट म्हणतात. मी गप्प बसलो. घासलेट मोजून देणाऱ्या माणसाला कुणी पिव्हट म्हटलं असतं, तर त्याने आधी माप तपासलं असतं.

जूनमध्ये पाऊस आला आणि त्यापाठोपाठ कंपनीचा ईमेल. ‘आमचा हा सुंदर प्रवास आम्ही इथे थांबवत आहोत. आपण या कुटुंबाचा भाग होता.’ महिनाअखेरीस सर्व्हर बंद. पुतण्याला फोन केला, तर तो त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीत लागला होता, तिथे स्मार्ट माठावर काम चालू आहे म्हणे. मी म्हटलं, माठाला तोटी ठेवाल ना? त्याला रेंज नव्हती.

गच्चीवरून पत्र्याची पेटी खाली आणली. पंप चालला. काडीसुद्धा जागेवर होती.

पांढऱ्याला आईने जिन्याखाली हलवलाय. वर सपाट असल्यामुळे बिबड्यांचे डबे नीट बसतात, टाकीत कांदे. हिच्या म्हणण्यानुसार कांदे त्यात टिकतातही चांगले, हवा खेळती राहते. फक्त तिथल्याच प्लगला गिरणी असल्यामुळे कुणीतरी कधीतरी त्याची पिन चुकून लावून ठेवतं, आणि मग रात्री बारा वाजता तो निळा डोळा उघडतो, वाय-फाय शोधतो आणि तीनदा टुण टुण टुण करतो. आई झोपेतच कूस बदलते.

“कोन शे रे भो? सकायले ये.”