युटाचं वाळवंट, कुकर आणि फ्लोराबाई

आमच्याकडे ट्रिप ठरत नाही, ती एक्सेलमध्ये उगवते. यंदाची मार्चमध्येच उगवली, जायचं सप्टेंबरात असलं तरी. कारण अमेरिकेतल्या युटा राज्यात, आर्चेस नॅशनल पार्कात, डेव्हिल्स गार्डन नावाचं कॅम्पग्राऊंड आहे, तिथे जागा फक्त 51, बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि आपण कार्डाचा नंबर टाईप करेपर्यंत संपलेलं असतं. नवऱ्याला जागा मिळाली. त्या सकाळी तो ज्या आवाजात ओरडला, तो आवाज मी आमची लेक झाली तेव्हासुद्धा ऐकला नव्हता.

मग गणपती उरकून सासूबाई कराडहून आमच्याकडे डेन्व्हरला आल्या आणि शीटमध्ये एक ओळ वाढली. सोबत त्यांचे गुडघे आले, त्यांची चहाची गाळणी आली आणि प्रवासाचं त्यांचं एकमेव शास्त्र आलं, ते म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणी बंद. एसटीने प्रवास केलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. संडास कुठे असेल, असेल का आणि असला तर कसा असेल, या तिन्हीची उत्तरं माहीत नसताना पाणी पिणारी बाई त्यांच्या मते बेजबाबदार. आणि इकडे वाळवंटातला नियम असा की माणशी रोज चार लिटर पाणी सोबत ठेवायचं, आणि नुसतं ठेवायचं नाही तर प्यायचं पण. नवऱ्याने डिकीत निळे कॅन भरले. सासूबाईंनी त्यांच्याकडे, सुनेने वाढलेल्या जास्तीच्या भाताकडे बघावं तसं बघितलं.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. आमची लेक यंदा चौथीत गेली, आणि इथे चौथीतल्या पोराला वर्षभर नॅशनल पार्क फुकट असतात, वर त्याच्यासोबत गाडीत बसलेल्यांनाही. "म्हणजे हिच्या जिवावर आपण सगळे?" त्यांनी दोनदा खात्री करून घेतली आणि लगेच नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. पण आम्ही आधी गेलो डेड हॉर्स पॉईंटला, आणि ते निघालं स्टेट पार्क, तिथे चौथी चालत नाही, पैसे भरा. सासूबाईंचा मूड तिथेच गेला.

डेड हॉर्स पॉईंट म्हणजे कड्याचं एक टोक, खाली जवळजवळ दोन हजार फुटांवर कोलोरॅडो नदी मोठ्ठं वळण घेऊन गेलेली. तिथली दंतकथा अशी की जुन्या काळी काऊबॉय लोक रानघोडे हाकत या टोकावर आणायचे, मागची चिंचोळी वाट फांद्यांनी बंद करायची की झाला आपोआप कोंडवाडा. एकदा म्हणे उरलेले घोडे तसेच राहिले आणि खाली नदी दिसत असताना वर तहानेने मेले. नवऱ्याला ही कथा म्हणजे आयतीच मिळाली. त्याने ती रंगवून रंगवून सांगितली, शेवटी बाटली पुढे केली आणि म्हणाला, "आई, म्हणून सांगतो, पी."

"अरे, त्या घोड्यांना संडासला कुठं जायचं हा प्रश्न नव्हता," सासूबाई म्हणाल्या आणि गाडीकडे चालू लागल्या.

खरं सांगायचं तर तिथली टॉयलेट्स वाईट नसतात. फ्लश नसतो, खाली खोल टाकी असते, पण दार लागतं, कागद असतो. तरी अंधारात खोल खड्ड्यावर बसायचं म्हणजे सासूबाईंना ते नको. मग एका वळणावर गाडी थांबवून त्या जुनिपरच्या एका झुडपामागे निघाल्या तर मागून लेक किंचाळली, "आजी, थांब! ती माती जिवंत आहे!" लेकीला नुकतंच ज्युनिअर रेंजरचं, म्हणजे पार्कात पोरांना देतात ते पुस्तक मिळालं होतं आणि त्यात सगळ्यात ठळक हेच, की इथली काळपट, खडबडीत पापुद्र्याची माती म्हणजे नुसती माती नाही, त्यात सूक्ष्म जीव, शेवाळं, दगडफूल सगळं मिळून राहतं, वाळू धरून ठेवतं, आणि एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. सासूबाई एक पाय उचललेल्या अवस्थेत उभ्या. पुढे जिवंत माती, मागे नात. शेवटी तशाच परतल्या, आणि गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या या देशात माणसाने पाय ठेवायचा तरी कुठं?"

संध्याकाळी कॅम्पवर पोचेस्तोवर अंधार पडला. तंबू लावताना नवरा कुणाचं ऐकत नाही आणि मी सांगायचं सोडत नाही, त्यामुळे ते जाऊ दे. मुद्दा खिचडीचा. हे कॅम्पग्राऊंड पाच हजार फुटांच्या वर आहे, तिथे पाणी 95 डिग्रीच्या आसपासच उकळायला लागतं, डाळ नुसती उड्या मारत बसते, शिजत नाही, त्यामुळे मी कुकर आणला होता. नवऱ्याने आणताना नाक मुरडलं होतं. कॅम्पिंगला लोक डब्यातले बीन्स गरम करून खातात म्हणे. खावेत.

दहानंतर कॅम्पग्राऊंडवर शांतता पाळायची असते. आमचा स्टोव्ह वाऱ्याने तीनदा विझला आणि कुकर चढायला दहाला पाचच मिनिटं उरली. आजूबाजूला सगळं सामसूम, वर आकाशात नुसता चांदण्यांचा सडा, अशी शांतता की शेजारच्या तंबूची चेन ओढलेली ऐकू यावी. आणि पहिली शिट्टी झाली. त्या लाल भिंतींमध्ये कुकरची शिट्टी एकदाच होत नाही हो, ती जाते, आपटते आणि परत येते. दोन तंबूंमधले दिवे लागले. दुसऱ्या शिट्टीला समोरच्या आरव्हीमधून, म्हणजे राहायच्या गाडीतून, एक आजोबा कपाळावर दिवा बांधून आले आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, की तुमचा गॅस लीक होतोय का? नवरा तोपर्यंत जणू आमच्याशी काही संबंध नसल्यासारखा गाडीमागे गेला होता. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नो नो. टू मोअर." आणि दोन बोटं वर केली. आजोबा थांबले, खरंच दोन शिट्ट्या ऐकल्या, मग खिचडीची एक वाटी घेऊन गेले. सकाळी वाटी धुऊन परत आली, आत दोन चॉकलेटं. बीन्सवाल्यांना कोण वाटी परत करतं?

रात्र तंबूत गेली, म्हणजे माझी गेली, सासूबाईंची गेली नाही, ती तशीच राहिली. खाली फुगवायची गादी होती पण तिच्याखाली एक दगड होता जो ज्या कुशीला वळावं त्या कुशीला येत होता. पहाटे पोह्यात वाळू. अंघोळीचा प्रश्नच नाही, या कॅम्पग्राऊंडवर शॉवर नाहीत हे शीटमध्ये कॉलम एन मध्ये लिहिलेलं होतं असं नवऱ्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी डेलिकेट आर्च. युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर असते ती कमान, जाऊन येऊन पाच किलोमीटर, उघडा कातळ, सावलीचं नाव नाही. नवरा आणि लेक टोप्या घालून निघाले. आम्ही दोघी खालीच राहिलो. गुडघे त्यांचे, निमित्त माझं.

आणि इथेच सासूबाईंना ट्रिपमधलं पहिलं बघण्यासारखं काहीतरी सापडलं. वाट सुरू होते तिथेच ओढ्याजवळ ओंडक्यांची एक बुटकी खोली आहे, वुल्फ रँच. छप्पर मातीचं, दार एवढुसं, आत अंधार. बाहेरची पाटी मी त्यांना वाचून दाखवत होते. जॉन वुल्फ म्हणून एक माणूस, अमेरिकेच्या यादवी युद्धात पायाला दुखापत झालेली, कोरड्या हवेत बरं वाटेल म्हणून 1898 च्या सुमारास ओहायोहून इथे येऊन राहिला, सोबत मुलगा. सत्तरीला टेकलेला होता.

"आणि बायको?"

"बायको ओहायोतच राहिली."

"शहाणी," सासूबाई म्हणाल्या. "पुढं वाच."

पुढे असं की दोघा बापलेकांनी इथे गुरं पाळून काही वर्षं काढली, आणि 1906 मध्ये मुलगी फ्लोरा नवरा आणि पोरं घेऊन वडिलांकडे आली. तिने ते राहणं बघितलं आणि हबकलीच. मग वडिलांना ही नवीन खोली बांधावी लागली आणि तिने सांगून आत लाकडी जमीन घालून घेतली. तोपर्यंत दोघं चक्क मातीवर राहत होते.

सासूबाईंनी डोकं आत घालून ती जमीन बघितली. मग मागे सरून पूर्ण खोली बघितली, कोपऱ्यातली चुलीची जागा बघितली, बाहेरचं तळघर बघितलं जिथे ते भाज्या साठवायचे, ओढा किती लांब आहे ते बघितलं आणि पाणी कोण भरत असेल याचा हिशोब केला. इतका वेळ त्यांनी आदल्या दिवशी त्या दोन हजार फुटांच्या दरीला पण दिला नव्हता. "आठ वर्षं," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं दोन बाप्ये मातीत झोपले आणि एकालाही वाटलं नाही की खाली चार फळ्या टाकाव्यात. फ्लोराबाई आली तेव्हा कळलं." 1910 मध्ये सगळे गाशा गुंडाळून ओहायोला परत गेले हे वाचल्यावर तर त्यांना फ्लोराबाईंबद्दल घरच्यासारखी माया वाटायला लागली.

तीन तासांनी नवरा आणि लेक लालबुंद होऊन आले. फोटो दाखवले. सासूबाईंनी चष्मा लावून बघितले.

"कोणी कोरली?"

"कोणीच नाही आई. खाली मिठाचा थर आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा, तो हलला तसे वरचे दगड तडकले, मग पाणी आत शिरून गोठून गोठून..."

"वेरूळला निदान माणसांनी मेहनत केलीये," त्या म्हणाल्या. "आणि पडत नाही का?"

पडतात. याच पार्कातली वॉल आर्च 2008 साली ऑगस्टच्या एका रात्री कोसळली. हे नवऱ्याने कौतुकाने सांगितलं आणि त्यानंतर सासूबाई कुठल्याही कमानीखाली उभं राहून फोटो काढायला तयार झाल्या नाहीत, ते शेवटपर्यंत.

मग आमचा मोर्चा वळला कॅपिटॉल रीफ या दुसऱ्या नॅशनल पार्ककडे. ग्रीन रिव्हर गावात नवऱ्याने टाकी काठोकाठ भरली कारण पुढे हायवेवर बोर्ड आहे की आता एकशेदहा मैल काही मिळणार नाही. आम्ही थोड्याच वेळात त्या हायवेवरून खाली उतरणार होतो, तरी सासूबाईंनी तो बोर्ड वाचला आणि हातातली बाटली दप्तरात खाली, कपड्यांच्या खाली सरकवली.

कॅपिटॉल रीफ मात्र त्यांनी जिंकलं, किंवा त्याने त्यांना. त्या सगळ्या लाल रखरखाटात फ्रुटा म्हणून एक हिरवं खोरं आहे, मॉर्मन पंथाच्या लोकांनी वसवलेलं, जवळजवळ दोन हजार फळझाडं, आता पार्कवालेच सांभाळतात. बागेत शिरा, हंगामातलं फळ तोडा, तिथेच उभं राहून खाल्लं तर फुकट, घरी न्यायचं तर वजन करून पेटीत पैसे टाका. सफरचंदं होती. सासूबाई एका झाडाखाली उभ्या राहिल्या आणि दुपारचं जेवण तिथेच उरकलं. जवळच 1896 ची एका खोलीची शाळा आहे, काचेतून बाकं दिसतात. त्या वस्तीची पहिली शिक्षिका म्हणे स्वतःच बारा-तेरा वर्षांची पोर होती. लेक हे ऐकून बराच वेळ गप्प होती, तीनचार वर्षांत नोकरी लागेल की काय या भीतीने असावी.

कॅपिटॉल गॉर्ज नावाच्या घळीत भिंतीवर जुन्या प्रवाशांनी आपापली नावं कोरून ठेवलीत, 1871 पासूनची. तीसुद्धा जपलेली, शेजारी सूचना की तुम्ही काही कोरलंत तर गुन्हा. आता सिंहगडावर बदाम काढून नाव लिहिणाऱ्याला मी कायम शिव्या घालत आले आहे आणि पुढेही घालणार, पण दीडशे वर्षं टिकला तर त्याच बदामाला कुंपण आणि पाटी मिळते हे काही मला पटलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "ही पण बाप्यांचीच नावं असतील. फ्लोराबाई असलं काही करायची नाही."

संध्याकाळी फ्रुटाच्या कॅम्पग्राऊंडवर वारा सुटला. तंबूची एक बाजू बसली, ती उचलली तर दुसरी बसली. नवरा चारही खुंट्यांमध्ये पळत होता, आम्ही तिघी गाडीत काचा वर करून बघत होतो. हरणं होती भोवती, इथे ती कॅम्पमध्ये बिनधास्त चरत फिरतात, खायला घालू नका असे बोर्ड जागोजागी. एक हरीण नवऱ्याकडे एकटक बघत रवंथ करत होतं. शेवटी त्याने स्वतःच येऊन काच वाजवली आणि आम्ही टॉरी गावातल्या एका मोटेलात गेलो. एकच खोली उरली होती. सासूबाईंनी आत पाऊल टाकल्या टाकल्या खाली बघितलं, मग बाथरूमचा नळ सोडून बघितला आणि दार लावून घेतलं. पाऊण तासाने बाहेर आल्या तेव्हा गरम पाणी संपलेलं होतं.

मधल्या वेळात नवरा बाहेर पार्किंगमध्ये तंबूतली वाळू झटकत होता. फ्रुटातल्या गिफर्ड हाऊसमधून, म्हणजे 1908 च्या जुन्या शेतघरातून, त्याने छोटे छोटे फळांचे 'पाय', म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड प्रकार, घेतले होते, लोक त्यासाठी सकाळी रांगा लावतात, आणि ते उद्या नाश्त्याला असं शीटमध्येच होतं. आम्ही तिघींनी ते पलंगावर बसून खाल्ले. वाळूचा कण नाही हो एकही.

नवरा आत आला, रिकामा खोका उचलून बघितला. "पाय कुठे गेले?"

सासूबाई ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत होत्या. "हरणांनी खाल्ले असतील," त्या म्हणाल्या. "बोर्ड लावलेत एवढे, उगीच का?"

ज्युनिअर रेंजरने तोंड पुसलं आणि काही बोलली नाही.