आज्ञार्थातलं रशियन

रशियन शिकायला जातोयस तर होस्टेलवर राहू नको, एखाद्या फॅमिलीत रहा, भाषा आपोआप तोंडात बसते, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यातला एकही स्वतः फॅमिलीत राहिलेला नव्हता. तसं त्यांचं म्हणणं खोटं नाही. भाषा बसते. कोणाची बसते ते आधी कोणी सांगत नाही एवढंच.

माझी फॅमिली सेंट पीटर्सबर्गला, वासिलेव्स्की बेटावर, प्रिमोर्स्काया मेट्रोपासून चालत जाता येईल अशा एका सोव्हिएत जमान्यातल्या बिल्डिंगमध्ये. घरात आजी, आजीची मुलगी, जावई आणि एक मांजर. मुलगी-जावई सकाळी कामाला जायचे ते रात्री उगवायचे, मांजर काही बोलायची नाही, म्हणजे माझं जे काय शिक्षण झालं ते सगळं आजीच्या हाताखाली.

तिकडे मोठ्या माणसाला नुसतं नावाने किंवा आजी-काकू म्हणून हाक मारत नाहीत, नाव आणि पुढे वडिलांचं नाव लावायचं, ही मानाची पद्धत. आपल्याला याचं काय कौतुक, आपल्या तर रेशनकार्डावरसुद्धा वडील असतातच. तर पहिल्याच दिवशी आजीने उलट माझ्या वडिलांचं नाव विचारलं. चार अक्षरी नाव, त्यात दोन जोडाक्षरं, त्याला मागून 'ओविच' लावायचं म्हणजे कवळीची कसोटी. तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, मग थोडं पाणी प्यायली, आणि त्या दिवसापासून मी नुसता 'बाळा' झालो.

आता आजीच्या भाषेबद्दल. क्लासमध्ये आम्हाला शिकवायचे की माफ करा, लायब्ररी कुठे आहे बरं, आपण मला मदत कराल का वगैरे. घरात हे काही नाही. घरात फक्त आज्ञार्थ. सपाता घाल. टोपी घाल. बस. खा. अजून खा. बाहेरच्या पँटने पलंगावर बसू नको. दगडी कट्ट्यावर बसू नको, मूत्रपिंडं जातील. उंबऱ्यावरून हात मिळवू नको. शिट्टी मारू नको, घरातला पैसा जातो (आमच्याकडे साप येतो असं मी सांगणार होतो पण सापाला रशियनमध्ये काय म्हणतात ते तेव्हा यायचं नाही, नंतर आलं तेव्हा विषय संपला होता). रात्री वेळेत ये, कारण एप्रिल ते नोव्हेंबर तिथे जहाजांसाठी रात्री नेवा नदीवरचे पूल उचलतात आणि मेट्रो मध्यरात्रीच बंद होते, तेव्हा पलीकडे राहिलास तर पहाटेपर्यंत नदी बघत बस. हे शेवटचं खरं होतं, बाकीचंही खरंच असेल, पण मी पडताळून बघितलं नाही.

सगळ्यात वाईट ते हीटिंगचं. बिल्डिंगचे रेडिएटर आपण चालू करायचे नसतात, ते शहर चालू करतं, दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस 8 डिग्रीच्या खाली राहिलं की मग. तोपर्यंत आपण घरात जॅकेट घालून क्रियापदं पाठ करायची. आणि एकदा का चालू झालं की आमच्या घरात कमी करायला बटणही नाही, बाहेर बर्फ आणि आत मी बनियनवर. उपाय एकच, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली छोटी झडप उघडायची. आणि नेमकं तेच करायचं नाही, कारण वारा लागतो! समोरासमोरच्या दोन फटींमधून येणारा वारा हा आजीच्या मते बर्फापेक्षा, लांडग्यापेक्षा, जावयाच्या ड्रायव्हिंगपेक्षाही धोक्याचा. मी झडप उघडायचो, ती लावायची, न बोलता, मार्चपर्यंत.

खाण्याचं सांगतो. मी शाकाहारी, हे मी आल्या आल्या सांगितलं होतं, आजीने मान डोलावली आणि बोर्शमधले मांसाचे तुकडे काढून उरलेलं सूप माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं यात मांस आहे. ती म्हणाली, होतं. मग चिकन आणलं, मग सॉसेज आणलं, कारण सॉसेज हे मांस कधीपासून झालं? मी गोरामोरा होऊन बसायचो आणि ती माझ्याकडे, पोराला नक्की कुठला आजार आहे ते न कळलेल्या डॉक्टरच्या नजरेने बघायची. शेवटी जावयाने तोडगा काढला, म्हणाला, त्याचा कायमचा उपवास आहे असं समज. ईस्टरच्या आधी सात आठवडे तिकडचे भाविक मांस खात नाहीत, दुकानांत, हॉटेलांत वेगळं उपवासाचं मेनूकार्ड लागतं. आजीचा चेहरा एकदम उजळला, माझ्याबद्दलचा आदर वाढला, आणि त्याच आदराने तिने माझ्यापुढचं लोणी, चीज, अंडी आणि आंबट क्रीम उचलून नेलं. कारण त्यांच्या उपवासाला दूधदुभतंही चालत नाही. आपली एकादशी आणि दुप्पट खाशी ही परंपरा तिला समजावून सांगण्याएवढं व्याकरण माझ्याकडे नव्हतं. पुढचे कित्येक दिवस कुट्टूची खिचडी आणि आंबवलेला कोबी, कोबी आणि कुट्टूची खिचडी.

जावई मात्र भला माणूस. तो मूळचा त्वेरचा, आणि मी जुन्नरचा म्हटल्यावर उठून उभाच राहिला. आपल्याला शाळेत शिकवत नाहीत पण तिकडे पोरापोराला माहिती असतं, 1470 च्या आसपास त्वेरचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी समुद्रातून चौलला उतरला, घोडा घेऊन जुन्नरला आला, पावसाळा तिथेच काढला, आणि जुन्नरच्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला, म्हणे धर्म बदल तर देतो. तेव्हापासून जेवताना रोज एकदा, 'आमचा घोडा कधी देताय?' घोडा त्याला परत मिळाला होता हे जावयाला चांगलं माहीत होतं पण ते तो सोयीस्करपणे विसरायचा. आणि निकितिननेच लिहून ठेवलंय की आपल्याकडे पाहुण्यांना उतरायला जागा असते आणि घरच्या बायका त्यांना रांधून घालतात. म्हणजे फॅमिलीत राहून भाषा शिकायची आयडिया त्यांनी आमच्याच गावावरून उचलली असं मी एकदा ठोकून दिलं. आजी म्हणाली, बोलू नको, खा.

मग जानेवारीत मला सर्दी झाली. (टोपी नव्हती. विषय संपला.) आजीने पातेलंभर बटाटे उकडले, माझं डोकं टॉवेलखाली घातलं, घे वाफ, तोंड उघड, नाकाने ओढ, उठू नको. वाफारा आपल्याकडेही असतो पण बटाट्याचा पहिल्यांदाच. मग कोरडी मोहरीची पूड पायमोज्यांत भरून ते पायात चढवले आणि झोपवलं. पडल्या पडल्या मला भरून आलं, की बटाटे पातेल्यात आहेत, मोहरी माझ्या पायाशी आहे, आणि या घरात दोघांची गाठ घालून देणारं कोणी नाही. ताप उतरल्यावर मी ओट्यापाशी उभा राहून साधी पिवळी भाजी केली, हळद मी नेलेलीच होती. मोहरी पायमोज्यातली नाही, नवीन. आजीने दोनदा घेतली आणि हे कोणत्या दुखण्यावरचं औषध म्हणून विचारलं.

इकडे क्लासमध्ये माझी प्रगती जोरात. आपण शाळेत आठ विभक्त्या घोकलेल्या, रशियनला सहाच, म्हटलं दोन वाचल्या. मी न अडखळता बोलायला लागलो होतो आणि बाई कौतुकाने ऐकत असतील असं मला वाटायचं, पण त्या ओठ दाबून बसलेल्या असायच्या. एकदा रविवारी काय केलंस विचारलं, मी खणखणीत सांगितलं, आणि वर्ग फुटला. रशियनमध्ये भूतकाळात आपल्यासारखंच लिंग लागतं हो! आणि मी ज्या एकमेव माणसाकडून दिवसभर ऐकत होतो ते माणूस म्हणजे आजी, त्यामुळे मी 'बाजारात गेले होते, कोबी आणला, पाय फार दुखले, जरा पडले' असं सांगून बसलो होतो. शिवाय आजी कशालाच साध्या नावाने हाक मारत नाही, चहाचा चायोक, सुपाचं सुपचिक, सगळं लाडात, तेही माझ्यात उतरलेलं. बाई डोळे पुसत म्हणाल्या, उच्चार उत्तम आहेत, फक्त वय सत्तरच्या पुढचं आहे.

हे दुरुस्त करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. 'गेलो, आणलं, पडलो' असं आरशासमोर म्हणायचो. तेवढ्यात बाहेरून, 'कोणाशी बोलतोयस, जेवायला चल.'

जूनमध्ये बिल्डिंगच्या दारावर कागद लागला, पाइपांच्या तपासणीसाठी गरम पाणी 14 दिवस बंद. हे तिकडे दर उन्हाळ्यात, आणि ज्यांच्याकडे बॉयलर नाही ती घरं सुतकात जातात. मुलगी मैत्रिणीकडे अंघोळीला जाते म्हणाली, जावयाने डोक्याला हात लावला. आजीने माळ्यावरून जुनी बादली, एक मोठा ओगराळा आणि पाणी तापवायचा रॉड काढला. रॉड! मला माहेर भेटल्यासारखं झालं. बादली, तांब्या आणि रॉड, माझं अख्खं बालपण यावर गेलंय, मी अर्ध्या बादलीत डोक्यावरून अंघोळ करून बाहेर आलो आणि आजी दारात हातात टोपी घेऊन उभी.

मग जावयाचा नंबर. त्याने रॉड लावला, आणि दाराच्या फटीतून मी बघतो तर पाणी तापलं का बघायला हात बादलीत घालतोय! तेव्हा व्याकरण आठवायला वेळच कुठे होता, मी पॅसेजमधूनच ओरडलो, 'हात घालू नको! आधी प्लग काढ! आणि दार लाव, ओल्या अंगाला वारा लागेल!'

आतून निमूटपणे आवाज आला, 'हो आई, काढतो.'