माझे तीन किलो गेले कुठे?

वजनकाट्यावर उभं राहायची माझी एक पद्धत आहे. आधी खिसे रिकामे करायचे, मग घड्याळ काढायचं, मग चष्मा काढायचा, मग सगळा श्वास सोडून पोट आत ओढायचं (पोट आत ओढल्याने वजन कमी होत नाही हे मला कळतं, पण तरी), आणि मग एकेक पाय असा हळूच ठेवायचा की काट्याची झोप मोडता कामा नये. एवढं सगळं झाल्यावर लक्षात येतं की चष्मा काढल्यामुळे आकडा दिसत नाहीये. मग पोरीला हाक मारायची. ती येते, वाकून बघते आणि शेजारपाजारच्यांनाही कळेल अशा आवाजात वाचते, "त्र्याऐंशी पॉइंट एक!"

डॉक्टरांनी दम दिल्यामुळे तीन महिने हा प्रकार चालू होता. लिफ्ट सोडली, रात्रीचं ताट अर्धं केलं, सकाळी चालायला लागलो, आणि एकदाची पोरगी ओरडली, "ऐंशी!" मी काट्यावरूनच दोन्ही हात वर केले, काटा लगेच भलतंच काहीतरी दाखवायला लागला, पण जाऊ दे. तेवढ्यात पोरगी म्हणाली, "बाबा, पण ते तीन किलो गेले कुठे?"

अशा वेळी बापाने ठाम बोलायचं असतं एवढंच मला माहिती. म्हणलं, "जळले! चरबीची एनर्जी झाली." झालं, नको तिथे हात घातला. तिचं नुकतंच शाळेत झालं होतं की पदार्थ नाहीसा होत नाही, फक्त रूप बदलतो, आणि ऊर्जेचंही तसंच, एकीतून दुसरी निघते पण एकूण तेवढीच राहते. "मग किलोची एनर्जी कशी होईल? एनर्जीला वजन असतं का?" बायको मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "घामातून गेले म्हणून सांग ना." पण घाम म्हणजे पाणी, ते तर मी घरी आल्या आल्या बाटलीभर परत पित होतो.

रात्री शोधत बसलो. आधी जीवात जीव आला, कारण ऑस्ट्रेलियातल्या रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या दोघांनी हाच प्रश्न १५० डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि ट्रेनर लोकांना विचारला होता आणि त्यातल्या बहुतेकांनी माझंच उत्तर दिलं होतं. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय. म्हणजे चुकलो, पण चांगल्या संगतीत चुकलो.

आणि चूक साधीसुधी नाहीये हां. पदार्थाची खरोखर एनर्जी झाली तर किती होते ते आइन्स्टाइनने १९०५ मध्येच सांगून ठेवलंय. त्या हिशोबाने नुसती १ ग्रॅम चरबी पूर्ण ऊर्जेत बदलली तर अणुबॉम्बएवढा स्फोट होईल, हिरोशिमावाल्यात जेमतेम ०.७ ग्रॅम पदार्थाची ऊर्जा झाली होती. मी तीन किलो घालवलेत आणि आमच्या सोसायटीची काच सुद्धा फुटलेली नाही.

मग गेले कुठे? तर नाकातून. खरंच. चरबी म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन. आपण श्वासातून आणखी ऑक्सिजन घेतो, तो तिला जाऊन भिडतो आणि तिचा होतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. मेणबत्तीचं जे होतं तेच, फक्त ज्योत नाही. मेणबत्ती जळून गेली की मेण कुठे गेलं असं आपण विचारत नाही, पण तेही हवेतच गेलेलं असतं. त्या दोघांनी अणू मोजून हिशोब लावला की १० किलो चरबी गेली तर ८.४ किलो श्वासातून जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन. माझ्या तीन किलोंना लावलं (सगळी चरबीच होती असं धरू, माझं मन राखा) तर अडीच किलो मी फुंकून घालवले. तीन महिने टी-शर्ट पिळत बसलो होतो मी!

मग एनर्जीचं काय? तर ती त्या अणूंच्या बांधणीत अडकलेली असते, बांधणी मोडून नवीन झाली की सुटते. अणू सगळे तेच राहतात, फक्त जोड्या बदलतात. सुटलेल्या ऊर्जेतली थोडी चालण्याबिलण्यात जाते, बाकीची उष्णता. नुसता सोफ्यावर पडलेला माणूस सुद्धा जुन्या १०० वॉटच्या बल्बएवढी उष्णता टाकत असतो, हे मी बायकोला लगेच सांगितलं. ती म्हणाली, बल्ब निदान उजेड तरी देतो.

हे कळल्यावर मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. वजन श्वासातून जातं ना, मग म्हणलं भराभर श्वास घेऊ, जिने कशाला चढायचे. सोफ्यावर बसून भात्यासारखा सुरू झालो. मिनिटभरात बोटांना मुंग्या, डोळ्यासमोर काजवे, बायको पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली, पोरीने ॲम्ब्युलन्सचा नंबर शोधायला घेतला. कार्बन आधी चरबीतून सुटायला लागतो, आणि तो जास्त सुटायला हवा तर काम जास्त करायला लागतं. नुसतं फुंकून फक्त चक्कर येते, ती आली.

काम किती करायचं तेही काढलं, काढायला नको होतं. १ ग्रॅम चरबीत ९ किलोकॅलरी. ८० किलोचा देह एक मजला वर न्यायला शरीराला सव्वादोन किलोकॅलरी लागतात, त्यातही चारातले तीन हिस्से उष्णतेतच जातात. म्हणजे चार मजले चढले की चरबी १ ग्रॅम. समुद्रापासून थेट एव्हरेस्टच्या टोकापर्यंत, ८८४९ मीटर, चढून गेलो तरी चढणीच्या खात्यात पाऊण किलो पण जमा होत नाही. मी लिफ्टसमोर उभा राहून हे गणित आठवतो आणि, असो.

बरं, काट्याचं वेड लागलेला मी पहिला नाही. इटलीत सांतोरिओ नावाचा डॉक्टर होता, त्याने काट्याला खुर्चीच टांगली आणि जवळजवळ ३० वर्षं त्यात बसून स्वतःचं वजन केलं. खाल्लेलं तोलायचा, प्यालेलं तोलायचा, आणि त्यानंतर जे शरीरातून बाहेर जातं तेही तोलायचा (त्याच्या घरच्यांना माझा नमस्कार). १६१४ मध्ये त्याने छापलं की खाल्ल्याप्यालेल्यातला अर्ध्याहून जास्त भाग न दिसताच गायब होतो. त्याला वाटलं बहुतेक सगळा कातडीतून जातो. ऑक्सिजनचा पत्ताच नव्हता तेव्हा, बिचारा करणार काय. श्वास म्हणजे संथ जळणं हे फ्रान्सच्या लाव्हाझिएने पुढे दाखवलं, त्यासाठी त्याने गिनीपिगला बर्फाच्या डब्यात बसवून किती बर्फ वितळतो ते मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरीला सगळं सांगितलं. तिला आरशावर हा: करायला लावलं, काच धुरकट झाली, म्हणलं हे बघ पाणी, आणि जे दिसलं नाही ते बाकीचं. ती विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे तुझं पोट आता हवेत आहे? आणि झाडं तर कार्बन डायऑक्साइड घेतात!" दोघांनी एकदमच बाल्कनीकडे बघितलं. तिथली मोठी कुंडी या तीन महिन्यांत भलतीच फोफावली होती, फांद्या पार रेलिंगच्या बाहेर.

आतून बायकोचा आवाज आला, "ती कुंडी जरा उचलून त्या कोपऱ्यात ठेव ना. मला नाही हलत, फार जड झालीये."