विस्थापन शून्य

"बाबा, सरासरी चाल आणि सरासरी वेग यांत फरक काय?"

शनिवारी संध्याकाळी चहाचा कप तोंडाला लावताना हा प्रश्न आला. कन्या नववीत, सोमवारी घटक चाचणी. मी बी.कॉम. माझ्या लेखी चाल असते ती आरतीची, नाहीतर सोंगटीची. फार तर शत्रू चाल करून येतो. गाडी येते ती वेगानेच. रस्त्यावरच्या पाटीवरही 'वेगमर्यादा' लिहितात; 'चालमर्यादा' लिहिलेली पाटी मी अजून पाहिलेली नाही. म्हणून ठोकून दिलं, "एकच गं. वेग जरा पुस्तकी शब्द आहे."

भाजीवाला 'साखर आहे, ताई' म्हणाला की हिची आई कलिंगडाकडे जशी बघते, तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"बरं, हे सोडव. एक माणूस ताशी ४० किलोमीटरने गावाला जातो, त्याच रस्त्याने ताशी १० ने परत येतो. सरासरी चाल?"

"पंचवीस." चाळीस अधिक दहा, भागिले दोन. एवढ्यावर तर माझी आजवरची नोकरी झाली.

"सोळा. गाव २० किलोमीटरवर आहे असं धर. जायला अर्धा तास, यायला दोन तास. ४० किलोमीटरला अडीच तास. भाग बघू."

भागलं. सोळाच. त्या इसमाचा बराचसा वेळ रखडण्यात गेला, म्हणून सरासरीही रखडण्याकडे झुकली.

"आणि सरासरी वेग शून्य," तिने पुढे सांगून टाकलं.

"शून्य कसा? अडीच तास गेले, पेट्रोल गेलं!"

"पण निघाला तिथेच परत आला ना? अंतर म्हणजे चाकाखालून गेलेला सगळा रस्ता. विस्थापन म्हणजे निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंत ताणलेली सरळ दोरी, दिशेसकट. चालीसाठी अंतराला वेळेने भागायचं, वेगासाठी विस्थापनाला."

इथे सासरेबुवा पेपर बाजूला ठेवून सरसावले. त्यांनी नोकरीची कित्येक वर्षं डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई अप-डाउन केलं. जाताना १९२ किलोमीटर, येताना १९२. नातीने त्यांचंही गणित मांडलं. सव्वातीन तासांच्या आत मुंबई, म्हणजे चाल ताशी साठच्या आसपास. पण गाडी घाट उतरून कर्जत, कल्याण असा वळसा घेते. सरळ दोरी धरली तर मुंबई जेमतेम १२० किलोमीटर. म्हणजे वेग ताशी अडतीसच्या आसपास, दिशा पश्चिमेकडे झुकलेली वायव्य. आणि रात्री घरी आल्यावर दिवसभराचा सरासरी वेग शून्य.

"शून्य?" सासरे म्हणाले. "मग रेल्वेने पासाचे पैसे कशाचे घेतले?"

"अहो, पुरे झालं शास्त्र," स्वयंपाकघरातून आवाज आला. "माझा चष्मा तयार आहे, तेवढा घेऊन या."

चष्म्याचं दुकान फर्ग्युसन रस्त्यावर, आम्ही नळ स्टॉपजवळ. स्कूटर काढली, गुडलक चौकातून आत शिरलो आणि समोरच्या बसला चुकवण्याच्या नादात दुकान मागे पडलं. किती? फार तर शंभर मीटर. मान वळवली तर पाटी वाचता येत होती. पण फर्ग्युसन रस्ता एकेरी. आता गाडी बंद करून ती ढकलत उलटी नेली, तर चालक पादचारी ठरतो असा पुण्यात एक अलिखित कायदा आहे. नेमके तिथेच हवालदार उभे होते आणि त्यांनी तो कायदा वाचला असेल याची मला खात्री वाटेना. तेव्हा ज्ञानेश्वर पादुका चौकापर्यंत पुढे, उजवीकडे वळून जंगली महाराज रस्ता, तोही एकेरी, त्याने डेक्कनपर्यंत खाली, पुन्हा गुडलक चौक. जवळजवळ तीन किलोमीटर फिरून मी शंभर मीटर मागे आलो. माझं एकूण विस्थापन त्या अर्ध्या तासात उणे होतं. म्हणजे मी कधी नव्हे तो भूतकाळाच्या दिशेने प्रगती करत होतो.

एका सिग्नलला तर एक गोष्ट लखकन कळली. एक्स्प्रेस-वेवर हल्ली दोन ठिकाणांमधली सरासरी चाल मोजून चलान धाडतात. तिथे निघाल्यापासून घरी परतेपर्यंतचा सरासरी वेग धरायची सोय असती, तर संध्याकाळी घरी येणाऱ्या कुठल्याही माणसाला दंड झाला नसता. हे ऐकवायला शेजारी कुणी नव्हतं. एक रिक्षावाला होता, पण त्याचा चेहरा बघून मी विषय काढला नाही.

दुकानात पोचलो. काउंटरवरच्या मुलाने हात पुढे केला. "पावती?"

पावती फ्रिजवर, चुंबकाखाली. "फोटो मागवा ना, काका," तो म्हणाला. फोन चार्जिंगला, फ्रिजशेजारीच.

परत येताना अर्थातच पुन्हा ज्ञानेश्वर पादुका चौक, पुन्हा जंगली महाराज, पुन्हा डेक्कन. दारात शिरलो तेव्हा कन्या वही घेऊन उभीच होती. "किती किलोमीटर झाले?"

"साडेनऊ."

"आणि वेळ?"

"सत्तावन्न मिनिटं," हे उत्तर बायकोने घड्याळाकडे न बघता दिलं.

"म्हणजे चाल ताशी १० किलोमीटर. आणि वेग..."

"चष्मा कुठाय?" बायको म्हणाली.

"...शून्य," कन्येने वहीत लिहिलं.

मी पावती घेऊन पुन्हा निघालो. ती फेरी सांगण्यासारखी नाही, चष्मा मिळाला एवढंच.

पंधरा दिवसांनी शाळेत पालकसभा. विज्ञानाच्या बाईंपुढे रांगेत बसलो. नंबर आला, मुलीचं नाव सांगितलं. बाईंनी उत्तरपत्रिका काढली, 'दैनंदिन जीवनातील उदाहरणाने फरक स्पष्ट करा' या प्रश्नावर बोट ठेवलं. तीनपैकी तीन. मग चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघत त्या म्हणाल्या,

"अच्छा, म्हणजे ते साडेनऊ किलोमीटर तुम्हीच का?"