डिकन्सची कथा कार्टूनांनी बिघडवली काय?

नाताळ जवळ आला की एक विधान हमखास फिरू लागते : चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ (१८४३) या कथेतला भयाण भाग आणि गरिबीविषयीचा संताप टीव्हीवरील कार्टूनांनी गाळला, भुतांची खेळणी केली, आणि खरा डिकन्स हवा असेल तर हाडामांसाच्या नटांचा चित्रपटच पाहावा.

कथा थोडक्यात अशी : कंजूष स्क्रूजला नाताळच्या आदल्या रात्री त्याचा मेलेला भागीदार मार्ले आणि मग भूतकाळ, वर्तमान व भविष्य यांची तीन भुते भेटतात, आणि तो पालटतो. आधी गाळण्याविषयी. एमजीएम या अमेरिकी स्टुडिओचा १९३८ चा चित्रपट हाडामांसाच्या नटांचाच होता. त्यात स्क्रूजची वाग्दत्त वधू बेल नाही, मेलेल्या स्क्रूजच्या पलंगाचे पडदे आणि प्रेतावरचा सदरा जुन्या मालाच्या दुकानात विकायला नेणारी मंडळी नाहीत, आणि दुसऱ्या भुताच्या झग्याखालून बाहेर येणारी अज्ञान व दैन्य ही दोन हडकुळी मुलेही नाहीत. उलट १८ डिसेंबर १९६२ रोजी एनबीसी या अमेरिकी टीव्ही वाहिनीवर दाखवलेल्या, मॅगू या कार्टूनपात्राला स्क्रूज केलेल्या ‘मिस्टर मॅगूज ख्रिसमस कॅरोल’मध्ये, म्हणजे खास टीव्हीसाठी बनलेल्या पहिल्या नाताळी ॲनिमेशनपटात, बेलही आहे आणि प्रेताला लुबाडणारेही आहेत, इतकेच नव्हे, त्या लुटारूंना स्वतःचे गाणे दिले आहे. अर्थात मॅगूत भाचा फ्रेड गायब आहे आणि वर्तमानाचे भूत भूतकाळाच्या आधी येते. हा फेरबदल मला पटत नाही, कारण स्क्रूज बालपण आठवून हळवा झाल्यानंतर आपल्या कारकुनाच्या आजारी मुलाला, टायनी टिमला, पाहतो, या क्रमातच त्याच्या पालटाचे कारण दडलेले आहे. पण हा दोष रचनेचा आहे. कथा गोड करण्याचा नव्हे.

भुतांची खेळणी झाली, हा आरोप ॲनिमेशनकार रिचर्ड विल्यम्स यांच्या १९७१ च्या आवृत्तीपुढे टिकत नाही. डिकन्सने पहिले भूत मुलासारखे आणि त्याहूनही म्हाताऱ्यासारखे, क्षणोक्षणी आकार व अवयव बदलणारे असे वर्णिले आहे. नटाला ते साधणे अवघड. विल्यम्स यांच्या रेखाटनात मात्र त्याची रूपे एकमेकांवर लुकलुकत राहतात. मार्लेने डोक्याची पट्टी सोडताच त्याचा जबडा छातीपर्यंत लोंबतो, तोही मूळ मजकुरातलाच. जेमतेम पंचवीस मिनिटांत खाणकामगार, दीपगृह आणि समुद्रातले जहाज ही सहसा वगळली जाणारी दृश्ये बसवली आहेत, आणि अज्ञान व दैन्यही. चित्रशैलीवर पहिल्या आवृत्तीतील जॉन लीच यांच्या चित्रांची छाप आहे, तर स्क्रूजचा आवाज १९५१ च्या चित्रपटातला स्क्रूज, ॲलिस्टर सिम, यांचाच आहे. टीव्हीनंतर चित्रपटगृहात दाखवलेल्या या लघुपटाला ऑस्कर मिळाले, आणि आधी टीव्हीवर आलेल्या कृतींना त्या स्पर्धेत मज्जाव करणारा नियम त्यानंतरच झाला.

पुराव्यादाखल बहुतेक वेळा मिकी माउसची आवृत्ती पुढे केली जाते. ती १९८३ मध्ये चित्रपटगृहांसाठी निघाली, टीव्हीवर नंतर आली. तेव्हा तिचे खापर टीव्हीवर फोडणे गैर आहे. राहिली काटछाट : १८५३ पासून जाहीर वाचने करताना खुद्द डिकन्सच या कथेला कात्री लावत असे. बग्ज बनीच्या १९७९ च्या आठेक मिनिटांच्या आवृत्तीत मात्र विनोदापलीकडे फारसे काही उरलेले नाही, आणि विधान तेवढ्यापुरते असते तर माझी तक्रार नव्हती.